१४ संघांतून खेळलेला पिचर अपयशी म्हणायचा का?

प्रश्न पुण्याच्या एका आजोबांचा आहे. त्यांचा नातू न्यू जर्सीत हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे. त्याच्याकडून त्यांनी एडविन जॅक्सनचं नाव ऐकलं: मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, १४ वेगवेगळ्या संघांकडून खेळलेला पिचर. त्यावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. एवढ्या संघांनी सोडलं म्हणजे माणूस कामाचा नव्हता असंच ना? सारखं बिऱ्हाड हलवणाऱ्याचा संसार आणि पैशाचं गणित कसं जमतं? आणि नातवाला हीच वाट धरायची असेल, तर घरच्यांनी काय बघायचं?

मी सीए पुण्यातच झाले, पण गेली कित्येक वर्षं ॲरिझोनात करसल्लागार म्हणून काम करते. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये फीनिक्सच्या आसपास मेजर लीगच्या १५ संघांची सराव शिबिरं भरतात, त्यामुळे बरेच खेळाडू घर इथेच करतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं तुम्ही ऐकलेली नसतील. दोन वर्षं इथे, चार महिने तिथे, मध्ये एखादा हंगाम खालच्या लीगमध्ये (मायनर लीग), असं खेळणारी ही माणसं. इकडे त्यांना जर्नीमन म्हणतात. त्यांची कारकीर्द मी मैदानावर कमी आणि कागदांवर जास्त पाहिली आहे: करार, पगारपत्रकं, आणि कुठला दिवस कुठल्या राज्यात गेला त्याचे तक्ते.

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. किती संघ झाले यावरून खेळाडू कळत नाही. तो आधीच्या संघातून कसा निघाला, ते बघावं लागतं. दुसऱ्या कुणी मागणी घातली म्हणून गेला, की ठेवायला जागा उरली नाही म्हणून गेला? जॅक्सनच्या बाबतीत दोन्ही घडलं, आणि ते दोन काळ वेगवेगळे काढून दाखवता येतात.

त्याचा जन्म १९८३ चा, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. वडील अमेरिकन सैन्यात होते. पुढे तो जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसमध्ये वाढला. २००१ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सहाव्या फेरीत त्याला थेट हायस्कूलमधून उचललं. ९ सप्टेंबर २००३ ला, म्हणजे बरोबर विसाव्या वाढदिवशी, तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. समोर ॲरिझोनाचा रँडी जॉन्सन, ज्याच्या नुसत्या नावाने बॅटरांचे पाय लटपटायचे. त्या दिवशी जिंकला जॅक्सन.

त्यानंतर गाडी अडली. चेंडू ताशी ९५ मैलांच्या वर जायचा, पण जिथे टाकायचा तिथे पडायचा नाही. २००६ च्या जानेवारीत डॉजर्सनी त्याला टँपा बेकडे धाडलं आणि बदल्यात दोन अनुभवी पिचर घेतले. बेसबॉलमध्ये संघाचा जय-पराजय पिचरच्या नावावर लागतो. २००७ मध्ये जॅक्सनच्या खात्यात ५ विजय आणि १५ पराभव पडले. टँपाने तरीही त्याला दर पाचव्या दिवशी उभं केलं, आणि पुढच्या वर्षी त्याने १४ सामने जिंकले. त्याच वर्षी हा कायम तळाला राहणारा संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, पोचला. तो हंगाम संपला आणि त्यांनी जॅक्सनला डिट्रॉइटला देऊन टाकलं!

हे वाचून कुणालाही वाटेल की काहीतरी बिनसलं असणार. तसं काही नव्हतं. मेजर लीगमध्ये पहिली तीन-एक वर्षं खेळाडूला जवळपास किमान पगारावरच खेळावं लागतं. मग लवादाकडे जायचा हक्क मिळतो आणि पगार झपाट्याने चढायला लागतो. सहा वर्षं भरली की तो मोकळा होतो, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करू शकतो. टँपासारखा कमी पैशांचा संघ काय करतो? खेळाडू महाग होऊ लागला, आणि अजून त्याला चांगली किंमत येते आहे, तेव्हाच तो देतो आणि बदल्यात तरुण, स्वस्त, पुढची बरीच वर्षं हातात राहील असा खेळाडू घेतो. जॅक्सनच्या बदल्यात त्यांना मॅट जॉइस मिळाला, जो तेव्हा जेमतेम एक हंगाम खेळलेला होता. म्हणजे जॅक्सन चांगला खेळला म्हणून त्याची बदली झाली. डिट्रॉइटमध्ये २००९ ला तो ऑल-स्टार झाला (त्या वर्षीच्या निवडक उत्तम खेळाडूंत आला), १३ सामने जिंकला, आणि त्याच डिसेंबरमध्ये पुन्हा गेला. या वेळी तीन संघांचा व्यवहार होता, त्यात कर्टिस ग्रँडरसन यांकीजकडे गेला, मॅक्स शर्झर डिट्रॉइटला आला आणि जॅक्सन ॲरिझोनाला.

इथे त्याच्या एका सामन्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अख्खा माणूस त्या एका संध्याकाळी दिसतो. २५ जून २०१०, टँपा बेचं स्टेडियम, समोर त्याचाच जुना संघ. नो-हिटर म्हणजे नऊ इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (फटका मारून बेस, म्हणजे धावेचा टप्पा, गाठणं) न देणं. मोठमोठ्या पिचरांची कारकीर्द संपते तरी तो नशिबी येत नाही. जॅक्सनला सुरुवातीला चेंडूवर ताबाच मिळेना. पहिल्या तीन इनिंगमध्येच त्याने सात बॅटरांना वॉक दिले, म्हणजे फुकटात बेस देऊन टाकला. तिसऱ्या इनिंगमध्ये तर एकही बाद नसताना तिन्ही बेस भरले. तिथून तो एकही रन न देता बाहेर आला. संघाने सगळ्या सामन्यात एकच रन केला होता, दुसऱ्या इनिंगमधला ॲडम लारोशचा होम रन. तेवढ्या एका रनवर जॅक्सन शेवटपर्यंत टिकला. एकूण आठ वॉक आणि १४९ पिच. आजकाल शंभराच्या आसपास पोचलेल्या पिचरला मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक, बाहेर बोलावतो. ॲरिझोनाचे मॅनेजर ए. जे. हिंच यांनी त्याला राहू दिलं, आणि १-० असा तो सामना त्याने पुरा केला.

पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं. बदल्यात जो डॅनियल हडसन मिळाला, त्याने पुढे २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा चेंडू वॉशिंग्टनसाठी टाकला. आणखी एका वर्षाने, २७ जुलै २०११ ला, जॅक्सन सकाळी शिकागोचा होता, मग टोरँटोचा झाला, आणि त्याच दिवशी टोरँटोने त्याला सेंट लुइसकडे पाठवलं. टोरँटोचा शर्ट अंगावर चढलाच नाही. सेंट लुइसने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यातल्या चौथ्या सामन्यात सुरुवातीचा पिचर जॅक्सनच होता. हरला, पण विजेत्या संघाची अंगठी त्यालाही मिळाली.

आता या सगळ्या बदल्यांच्या मुळाशी काय आहे ते सांगते. हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणजे साधारण साडेचौदाशे इनिंग कुणीतरी टाकायच्याच असतात. पिचरचं कोपर आणि खांदा ही शरीरातली सगळ्यात बेभरवशाची जागा. जुलै उजाडतो तेव्हा प्रत्येक संघाचे दोन-तीन पिचर जखमी असतात. जॅक्सन २००७ ते २०१३ अशी सात वर्षं दर हंगामात किमान ३१ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उभा राहिला. एकही वर्ष गाळलं नाही. कधी उत्तम, कधी बेताचा, पण पाचव्या दिवशी हजर. दहा उत्कृष्ट सामने टाकून ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्यापेक्षा असा माणूस मॅनेजरला जास्त हवा असतो. आकडेवारीच्या पानावर हजेरीचा वेगळा रकाना नसतो, म्हणून बाहेरच्यांना ते दिसत नाही.

या व्यवहारांत खेळाडूचं स्वतःचं किती चालतं? फारच थोडं. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला दिलं. त्याने जायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९७२ मध्ये तो हरला, आणि खेळाडू म्हणून त्याचं आयुष्य तर त्याआधीच संपलं होतं. पण त्याच्या लढ्यामुळे वातावरण बदललं. १९७३ च्या करारात असा हक्क आला की मेजर लीगमध्ये दहा वर्षं, आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात झाली असतील, तर खेळाडू बदली नाकारू शकतो. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने खेळाडूंना मोकळं होण्याची वाट मिळाली. यातली खोच बघा. नकाराचा हक्क ज्याला सगळ्यात जास्त हवा, त्या फिरत्या खेळाडूला तो कधीच मिळत नाही, कारण सलग पाच वर्षं त्याला कुणी ठेवतच नाही. जॅक्सन १७ हंगामांत मेजर लीगमध्ये दिसला, तरी त्या हक्काच्या जवळपासही पोचला नाही. मला हा नियम आजही अपुरा वाटतो. दहा वर्षं कुठल्याही संघात झाली, तरी पुरे असायला हवं होतं.

जॅक्सनपेक्षा खालच्या पायरीवरच्या जर्नीमनचं आयुष्य आणखी दगदगीचं असतं. प्रत्येक संघाच्या मुख्य यादीत ४० जण, आणि त्यातले २६ प्रत्यक्ष मेजर लीगमध्ये. उरलेले खाली, बहुतेक मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, ट्रिपल-ए मध्ये. ज्याच्या करारात 'ऑप्शन' शिल्लक आहेत, त्याला संघ हवं तेव्हा खाली पाठवतो आणि हवं तेव्हा वर बोलावतो. अशी ऑप्शनची वर्षं तीन असतात. पूर्वी एका वर्षात किती वेळा खाली-वर करायचं याला धरबंध नव्हता. २०२२ पासून एका हंगामात पाचच वेळा, असं ठरलं. ऑप्शन संपले की संघाला त्याला ठेवावं तरी लागतं, नाहीतर यादीतून काढावं लागतं. काढण्याच्या या प्रकाराला डीएफए म्हणतात. पुढच्या सात दिवसांत त्याची बदली होते, किंवा ५० हजार डॉलर भरून दुसरा संघ त्याला उचलतो, किंवा तो खाली जातो, किंवा मोकळा होतो. त्या सात दिवसांत माझ्याकडे येणारे फोन मी ओळखते. करार कुठल्या पानावर काय म्हणतो ते त्यांना विचारायचं असतं, पण मुलांची शाळा, घराचं भाडं आणि डॉक्टरची तारीख यांवरच बोलणं जास्त होतं.

माझा एक क्लायंट आहे, रिलीफ पिचर, म्हणजे सामना सुरू असताना मध्येच बदली येणारा. त्याची बायको वर्षाचं एक मोठं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावते. मेजर लीगचा दिवस हिरव्या पेनाने, ट्रिपल-ए चा निळ्याने. एका वर्षीचं कॅलेंडर मी कामासाठी मागून घेतलं होतं. मे महिन्यात निळ्याच्या मध्ये चारच घरं हिरवी होती, आणि त्यांत तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "रात्री ११ ला फोन, पहाटेचं विमान", "नाही टाकला", "नाही टाकला", "परत. गाडी विमानतळावर". चार दिवस वर होता, एकही चेंडू टाकला नाही. माझ्या दृष्टीने तरीही ते चारही दिवस सोन्याचे होते.

का, ते सांगते. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर होता, आणि तो दिवसांवर मिळतो. हंगाम सुमारे १८६ दिवसांचा, म्हणजे दिवसाला चार हजार डॉलरच्या थोडं वर. उलट २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंनी संघटनेमार्फत पहिला सामूहिक करार केला, त्यात ट्रिपल-ए चा किमान पगार वर्षाला ३५ हजार ८०० ठरला. त्याआधी तर त्याहून निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे वर नऊ दिवस नुसतं बाकावर बसून खाली वर्षभर घाम गाळल्याइतकं मिळतं. शिवाय वरचा प्रत्येक दिवस सेवेत मोजला जातो. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. एकूण ४३ दिवस झाले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो, आणि दहा वर्षं झाली की पूर्ण निवृत्तिवेतनाचा. ४० वा दिवस भरून खाली गेलेल्या खेळाडूची घालमेल तुम्हाला यावरून कळेल. माझ्याकडे येणारे सगळे स्वतःचा आकडा तोंडपाठ सांगतात, आणि सांगताना आवाज थोडा खाली येतो.

कराचं जंजाळ वेगळंच. सामना ज्या राज्यात, तिथला उत्पन्नकर त्या राज्याला. हिशेब 'ड्यूटी डेज'वर चालतो: सराव शिबिरापासून हंगाम संपेपर्यंतचे कामाचे दिवस मोजायचे, त्यांतले एकेका राज्यात किती गेले ते काढायचं, आणि तेवढ्या हिश्शाचा पगार तिथला धरायचा. समजा एकूण २२० दिवस झाले आणि ११ कॅलिफोर्नियात गेले, तर पगाराचा विसावा भाग कॅलिफोर्नियाचा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन राज्य इथे पगारावर राज्याचा करच नाही, तर टोरँटोला गेलात की दुसरा देशच आला. एकाच संघात राहणाऱ्याचा हा हिशेब निदान दर वर्षी सारखा दिसतो. तीन संघ झाले की तीन मालक, तीन डब्ल्यू-२ (मालकाने दिलेली पगाराची आणि कपातीची प्रमाणपत्रं), वेगळी घरची राज्यं, आणि डझनावारी विवरणपत्रं.

त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती अनेकांच्या लक्षात येत नाही. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्ती योजनेची, कपात पगाराच्या ठरावीक रकमेपर्यंतच होते. २०२५ मध्ये ती मर्यादा १ लाख ७६ हजार १०० डॉलर होती, दर ६.२ टक्के. पण प्रत्येक मालक आपली कपात शून्यापासून सुरू करतो. वर्षात दोन संघांकडून भरपूर पगार मिळाला, तर खेळाडूची कपात दुप्पट होऊन बसते. दहा हजारांच्या वरची ती रक्कम विवरणपत्रात मागितली तर परत मिळते. मागितली नाही तर कुणी आपणहून आणून देत नाही. दुसरीकडे एजंटला द्यायचे चार-पाच टक्के २०१८ पासून केंद्रीय करात वजा होत नाहीत. त्यामुळे बातमीत वाचलेली रक्कम आणि घरी आलेली रक्कम यांत निम्म्याच्या जवळपास फरक पडतो. शिवाय भाडं दोन ठिकाणी सुरू असतं: जिथून निघाला तिथल्या घराचं, आणि जिथे पोचला तिथल्याचं. बदली झाल्यावर हजर व्हायला ७२ तास मिळतात. तेवढ्यात माणूस पोचतो, घर पोचत नाही. मागे राहिलेली बायको आवराआवर करते, सामान हलवणाऱ्यांशी बोलते, शाळेतून मुलांचे दाखले काढते. या कारकिर्दीचं निम्मं काम ती करते आणि तिचं नाव कुठल्याच पानावर येत नाही.

आता जॅक्सनचा दुसरा काळ. २०१२ ला वॉशिंग्टनमध्ये एक वर्ष काढल्यावर शिकागो कब्जने त्याला चार वर्षांचा ५ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. इतक्या वर्षांनी एक गाव ठरलं. आणि तिथेच खेळ बिघडला. २०१३ मध्ये ८ विजय, १८ पराभव, पुढच्या वर्षी ६ आणि १५. जुलै २०१५ मध्ये कब्जने त्याला मोकळं केलं. मेजर लीगचा करार हमीचा असतो. काढून टाकलं तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात, आणि नवा संघ फक्त किमान पगार देतो, तेवढाच जुन्याच्या रकमेतून वजा होतो. म्हणून अटलांटाने त्याला लगेच घेतलं, २०१६ मध्ये आधी मायामीने आणि मग सॅन डिएगोने घेतलं. या सगळ्या काळात पगाराचा मोठा भाग कब्जच भरत होते. १०८ वर्षांनंतर कब्जने वर्ल्ड सिरीज जिंकली ते हेच २०१६.

२०१७ पासून हमीही संपली. इथून पुढे जॅक्सनला प्रत्येक दार स्वतः ठोठवावं लागलं. बाल्टिमोर, पुन्हा वॉशिंग्टन, मग मायनर लीगचा करार. पूर्वी सुरुवातीलाच मोठं नाव कमावलेला माणूस तिशीनंतर मायनर लीगमध्ये बसने फिरायला सहसा तयार होत नाही. जॅक्सन झाला. अशा ज्येष्ठ खेळाडूच्या करारात एक कलम असतं: अमुक तारखेपर्यंत वर घेतलं नाही, तर मी मोकळा. २०१८ च्या उन्हाळ्यात ते वापरून तो वॉशिंग्टनच्या ट्रिपल-ए मधून निघाला आणि ओकलंडला गेला. ओकलंडचे सुरुवातीचे पिचर एकामागून एक जखमी झाले होते. जॅक्सनने १७ सामने टाकले, ६ जिंकले, ३ हरले. ओकलंडने त्या वर्षी ९७ सामने जिंकून बाद फेरी गाठली. पस्तिशीला टेकलेल्या, तेरा संघ फिरलेल्या पिचरचं ते काम मी त्याच्या नो-हिटरच्या बरोबरीने मोजते.

मे २०१९ मध्ये ओकलंडने त्याला रोख रकमेच्या बदल्यात टोरँटोला दिलं. आठ वर्षांपूर्वी काही तासांसाठी तो ज्यांचा झाला होता, तोच संघ. या वेळी शर्ट घातला, आणि चौदावा संघ नोंदला गेला. त्याच वर्षी तो डिट्रॉइटला परत गेला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला अमेरिकेच्या संघातून त्याने रौप्यपदक मिळवलं, आणि २०२२ मध्ये निवृत्ती जाहीर केली. एकूण १०७ विजय, १३३ पराभव. पराभव जास्त आहेत, खरंय. पण १३३ सामने हरायलाही तेवढ्या वेळा कुणीतरी चेंडू हातात द्यावा लागतो, आणि मेजर लीगमध्ये चेंडू दयेपोटी कुणी देत नाही.

संघ जास्त झाले म्हणजे उतार लागला, असंही दर वेळी नसतं. रिच हिलचं बघा. मॅसॅच्युसेट्सचा डावखुरा, मिशिगन विद्यापीठातून २००२ मध्ये कब्जकडे गेला. खांद्याच्या आणि कोपराच्या दुखापतींनी तो इतका मागे पडला की २०१५ च्या उन्हाळ्यात, ३५ व्या वर्षी, मेजर लीगशी संबंध नसलेल्या लाँग आयलंड डक्स या संघाकडून तो दोन सामने खेळला. तिथून बॉस्टनने त्याला घेतलं. त्यांच्याकडच्या ब्रायन बॅनिस्टरने, जो स्वतः पूर्वी पिचर होता, त्याला कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) खूप जास्त टाकायला सांगितलं. सप्टेंबरमधल्या चार सामन्यांत हिलने २९ इनिंगमध्ये ३६ बॅटर स्ट्राइकआउट (चेंडू नीट मारू न देता बाद) केले. दीड वर्षाच्या आत त्याच्याकडे डॉजर्सचा तीन वर्षांचा ४ कोटी ८० लाखांचा करार होता. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटीकडून उतरला आणि १४ संघांच्या विक्रमात जॅक्सनच्या शेजारी जाऊन बसला. तो सामना शिकागोत, कब्जविरुद्धच होता, जिथून वीस वर्षांपूर्वी त्याची सुरुवात झाली होती.

तुमच्या नातवाबद्दल. जॅक्सन हायस्कूलमधून गेला, हिल कॉलेजमधून, आणि दोघेही टिकले, तेव्हा एकच वाट बरोबर असं मी म्हणणार नाही. पण हे दोघे टोकाचे अपवाद आहेत. ड्राफ्ट आता २० फेऱ्यांचा आहे, आणि मायनर लीगमध्ये एका संघाला हंगामात १६५ च खेळाडू ठेवता येतात. दर उन्हाळ्यात नवी मुलं आली की तेवढीच जुनी घरी जातात. भारतातून गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकपटू, २००८ मध्ये पिट्सबर्गने करारबद्ध केले. जिद्दीला कमी नव्हते, पण मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. पहिल्या काही फेऱ्यांमध्ये निवड होऊन मोठा बोनस हातात येत असेल तर हायस्कूलनंतर जाण्याचा विचार करावा. खालच्या फेरीतली रक्कम अनेकदा कर आणि एजंट वजा जाता कॉलेजच्या एखाद-दोन वर्षांच्या फीइतकीही उरत नाही. तिथे मी कॉलेजच सांगेन. चार वर्षांच्या कॉलेजात गेलं की साधारण तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ वय झाल्यावर पुन्हा ड्राफ्टमध्ये येता येतं.

आणि तो हायस्कूलमधूनच गेला, तर एक कलम घरच्यांनी स्वतः वाचावं. बोनसखेरीज संघ कॉलेजच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च करारात लिहून देऊ शकतो: किती सत्रं, प्रत्येक सत्राला किती रक्कम. हे पहिल्या कराराच्या वेळीच ठरतं, नंतर मागून मिळत नाही. खेळ थांबल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं नाही तर हक्क जातो. वापरलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, म्हणून आकडा ठरवताना कराची भर घालूनच मागा. सही व्हायच्या आधी कराराचा मसुदा एखाद्या करसल्लागाराला दाखवा, आणि त्यात हे कलम रकमेसह छापलेलं आहे ना, ते नातवाला स्वतः मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.